रंगूबाईच्या बाजूची साक्ष

मंडळी, आज तुम्ही बाजार बंद ठेवून आलात. भाजीवाल्याने दिवसभर बाजार बंद ठेवणे म्हणजे काय, हे भाजीवाल्यालाच कळते. तोडलेली मेथी उद्यासाठी थांबत नाही. तरी आलात.

रंगूबाईचे भाऊ नारायणराव मला म्हणाले, "पाव्हणे, तुमी लिहिनारे मानूस. दोन शबूद तुमीच बोला." लिहिणारा आहे, खरे. साप्ताहिकासाठी परक्यांच्या मृत्यूच्या बातम्या वर्षानुवर्षे लिहिल्या, आणि वेळेत लिहिल्या. हे दोन शब्द मात्र तीनदा लिहून फाडले. हातात कागद नाही. मध्येच अडखळलो तर सांभाळून घ्या.

नव्या लोकांना माहीत नसेल. मी रंगूचा नवरा होतो. पंचांनी फारकत करून दिलेला नवरा.

तुम्ही तिला बाजारात पाहिले. कोपऱ्यावर लाकडी पेटीवर बसलेली, दहा-अकरा वर्षांच्या मुलीएवढी उंची, मान आखूड आणि रुंद. नवे गिऱ्हाईक विचारायचे, "पोट्टे, तुही माय कुठी गेली?" ती म्हणायची, "माय मेली, बाप मेला, आता मीच म्हतारी. वांगे घेता का जाता?" तुम्ही हसायचात. मीही हसलो आहे.

गेल्या मंगळवारी मात्र कोणी हसले नाही. तिला उचलायची वेळ झाली. नवरा जिवंत आहे म्हणून कोणीतरी ओटीचे तांदूळ आणि खण आणला. बायका दारातच थबकल्या. मी कुंपणापाशी उभा होतो. मला स्वच्छ ऐकू आले, "जिनं आपलं पोट पाडलं तिची ओटी कोनं भरावी व माय?"

तीस वर्षे झाली, मंडळी. तीस वर्षांत ते वाक्य शिळे झाले नाही. आणि मी काय केले? जमिनीकडे पाहिले. पुन्हा गप्प बसलो. ओटी न भरताच तिला नेले.

नाही, पाणी नको. बोलू द्या.

आमचे लग्न झाले तेव्हा ती सात वर्षांची, मी अकराचा. आपल्यात मुलगी न्हाण येईपर्यंत माहेरीच राहते. न्हाण आले की तिला मखरात बसवतात, साखर वाटतात आणि मग सासरी धाडतात. तिच्या मैत्रिणींची मखरे झाली. त्यांची लेकरे रांगू लागली. रंगू सतरा वर्षांची झाली, तरी दिसायला होती तशीच. लोक विचारू लागले. शेवटी तिच्या आईने मखर सजवले. पाच सवाष्णी बोलावल्या. साखर वाटली. न्हाण आलेच नव्हते.

नारायणराव, मान खाली घालू नका. तुमच्या आईने लोकांची तोंडे बंद केली. आपण कोणीही तेच केले असते.

रंगू बाळापूरकडे आमच्या गावी नांदायला आली. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाली, "तुमच्यापाशी खोटं बोलनार नाई. मले कंदीच आलं नाई. मायनं उगाच मखर केलं." मी म्हणालो, "येईल." मी एकवीस वर्षांचा. मला काय कळत होते?

आमच्या घरी बाई महिन्यातले चार दिवस बाजूला बसते. रंगू एक महिना बसली नाही, दुसरा बसली नाही, तिसरा नाही. माझ्या आईला याचा एकच अर्थ माहीत होता. मखर झालेली सून आणि बाजूला बसत नाही! आईने आनंदाने चोरओटी भरली. नाव चोरओटी, पण गावभर झाली. शेजारणी चिंचा देऊन गेल्या. पारावरची पोरे मला म्हणाली, "वा रे पठ्ठ्या, बाप झाला लेका!"

मी हसलो.

रंगूने मला गोठ्यात गाठले. "आईले सांगा ना. काहून गप राहून राहिले तुमी?" मी म्हणालो, "थांब, चार दिवसांनी सांगतो." ते चार दिवस कधी आले नाहीत. का आले नाहीत? कारण मला ते आवडत होते. मूल नव्हते आणि मी त्याचा बाप झालो होतो.

सातव्या महिन्यात आईच्या लक्षात आले की पोट नाही. मग मूल गेले कुठे? रंगू म्हणाली, "नव्हतंच." आई म्हणाली, "मंग ओटी कायले भरून घेतली?" याचे उत्तर माझ्याकडे होते.

पंच बसले. मला विचारले, "तुले काई ठावं होतं का?" मी म्हणालो, "मले काई मालूम नाई." चार शब्द. पोट पाडले असे ठरले, फारकत झाली आणि तिला इथे अमरावतीला माहेरच्या भाजीच्या वाडीवर आणून सोडले.

मला माहीत होते. आज सर्वांसमोर सांगतो, मला सगळे माहीत होते.

मागे कोणी उठले वाटते. जा, पण एवढे ऐकून जा.

सहा-सात वर्षांपूर्वी तिचे पाय सुजू लागले. अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला तपासले. काही मुली जन्मतःच अशा असतात, त्या म्हणाल्या. पोटातले बीजकोश नीट तयार होत नाहीत. म्हणून न्हाण येत नाही, मूल होत नाही, उंचीही वाढत नाही. रंगूने विचारले, "मंग मायनं काई केलं का?" नाही. "बापानं?" नाही. "मंग देवीचा कोप?" बाई म्हणाल्या, "देवीला मी तपासले नाही. तुझा दोष नाही, एवढे सांगते."

हे तिनेच मला सांगितले. अकोल्याहून उतरली ती थेट इथल्या आमच्या साप्ताहिकाच्या कचेरीत आली. खुर्चीवर बसली, पाय जमिनीला टेकत नव्हते. म्हणाली, "छापा. रंगूच्या पोटात लेकरू नव्हतंच, असं छापा." मी म्हणालो, "अशा खासगी गोष्टी पेपरात येत नसतात." ती म्हणाली, "चोरी छापता, खून छापता, कोनाची म्हैस हरपली थे छापता. माह्यं काहून नाई?" मी इकडचे तिकडचे बोललो. ती उठली. जाताना म्हणाली, "तुमी तवाही असेच होते."

तिला राग नव्हता. तेच मला आजवर स्वस्थ बसू देत नाही.

आज निघताना माझी दुसरी बायको म्हणाली, "बोलायचं असंन तं पुरं बोला. अर्धं बोलून घरी येऊ नका." तेव्हा पुरे सांगतो. या आठवड्याच्या अंकात मी हे सगळे माझ्या नावानिशी छापले आहे. मोठे काम केले असे कोणी म्हणू नका. ऐकायला ती नाही.

आता दोन मिनिटे उभे राहू. तिच्या आत्म्याच्या शांतीची काळजी करू नका. आपल्या घरात ते वाक्य कोणी कधी बोलले असेल, तर या दोन मिनिटांत मनातल्या मनात परत घ्या. ज्यांना ते परत घ्यायचे नाही, त्यांनी खुशाल बसून राहावे. नुसते रीत म्हणून उभे राहू नका. रंगूबाईच्या बाबतीत एवढे तरी आज खरे होऊ द्या.