हरेशची गाडी आणि वापीची वाट

मंडळी, मागे उभे आहात ते पुढे या. सतरंजीवर जागा आहे.

मला बोलायला उभं केलंय, पण खरं सांगतो, अंगात त्राण नाही. हरेश गेल्यापासून धड झोप नाही. काय बोलावं याचा विचार करायला बसलो की एकच दिसतं. तो बॉनेटमध्ये डोकं घालून उभा, आणि मागे मी, हातात पाना घेऊन. तेव्हा तेच सांगतो. गोड मानून घ्या.

माझी ओळख नसेल त्यांच्यासाठी सांगतो, मी दिनकर. तलासरीत माझं बियाण्याचं दुकान आहे. हरेश माझा साडू. त्याच्या रंजनाताई आणि माझी बायको सख्ख्या बहिणी. तो वयाने मोठा, पण आमचं अरेतुरेच होतं.

ताईंच्या किडन्या गेल्यात हे तुम्हाला ठाऊक आहे. सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिसला वापीला जावं लागतं. हरेश त्यांना मसोलीहून स्वतःच्या गाडीने न्यायचा. माझ्या दुकानासमोर हॉर्न वाजवायचा, थांबायचा नाही. ताईंना उशीर नको.

मागच्या वर्षी त्या गाडीचं इंजिन बसलं. गॅरेजवाला म्हणाला, महिना लागेल. महिना कुठून आणायचा? हरेशने चिकूच्या शेडमध्ये तुळईला चेन पुली टांगली आणि इंजिन घरीच उतरवलं. जन्मभर पाण्याच्या पंपाची इंजिनं खोललेला माणूस. म्हणाला, यात काय वेगळं आहे?

तोवर ताईंना रिक्षा, मग बस, मग परत रिक्षा. येताना त्यांना उभं राहवायचं नाही. शेजारी गाडी होती. मी म्हटलं, हरेश, माग ना. नाही मागितली. लोकांना कशाला त्रास, एवढंच म्हणाला. असाच होता तो. याचं त्याला भयंकर कौतुक होतं आणि मला भयंकर राग यायचा. आजही येतो.

इंजिन दुरुस्त झालं, परत गाडीत बसवलं. नारळ फोडला. किल्ली फिरवली. टक. नुसतं टक. समोरचे दिवे मंद झाले आणि गाडी गप्प.

मग सुरू झालं आमचं शोधकाम. मंडळी, हरेशबरोबर काही शोधणं म्हणजे काय, ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. आधी बॅटरी. ती काढून बाजारात नेली. दुकानदाराने मीटर लावलं आणि म्हणाला, "बॅटरी तो सारी छे," म्हणजे बॅटरी चांगली आहे. हरेशला पटलं नाही. शेजारच्या ट्रॅक्टरची... नाही, ट्रॅक्टरचीही मागितली नाही. दुसरी विकत आणली. टक. मग स्टार्टर उतरवला, जमिनीवर ठेवून सरळ बॅटरीला जोडला, तर भन्नाट फिरला. परत गाडीत बसवला. टक. मग म्हणे उंदरांनी वायर खाल्ली. मी टॉर्च धरून वायरीमागून वायर बघत गेलो. उंदीर बिचारे निर्दोष निघाले.

त्यातच एका गुरुवारी बस आली नाही आणि ताईंची डायलिसिसची पाळी हुकली. पाय सुजले, दम लागायला लागला. त्या दिवशी हरेश शेडमध्ये जाऊन गाडीच्या चाकाला टेकून बसला. मी त्याला तसा कधी पाहिला नव्हता. घाबरला होता तो. माणूस घाबरला की मोठा दिसत नाही, मंडळी. लहान दिसतो.

दुसऱ्या दिवशी ताई स्वतः येऊन स्टीअरिंगवर बसल्या. म्हणाल्या, तुम्ही दोघं पुढे बघा, किल्ली मी फिरवते. दोन-तीनदा फिरवली आणि म्हणाल्या, "अहो, हा अ‍ॅक्सिलरेटर घट्ट का होतोय? आणि जळका वास येतोय." हरेशने अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला हात लावला आणि झटक्यात काढला. चटका बसला होता.

तेव्हा त्याला उमगलं. करंटला इंजिनातून बॉडीत परत जायची नेहमीची वाट बंद होती. म्हणून तो त्या बारक्या केबलमधून जात होता. म्हणजे अर्थिंग नाही. पण अर्थिंगची जाड वायर तर जोडलेली, बोल्ट करकचून आवळलेला!

आता आपल्याकडची खोड बघा. खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही, म्हणून लोखंड दिसलं की आपण रेड ऑक्साइड मारतो. गेटला, खिडकीला, विहिरीच्या रहाटाला. इंजिन बाहेर होतं तेव्हा हरेशने आतल्या सगळ्या बॉडीला दोन हात मारले होते. प्रेमाने. अर्थिंगच्या जागेलाही. बोल्ट होता तो रंगावर. रंगातून करंट जातो होय?

पॉलिश पेपरने त्याने ती जागा घासली. खालचा पत्रा चकाकला. वायर आवळली. ताईंनी किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली. हरेश हसला नाही की ओरडला नाही. म्हणाला, "चल, डायलिसिसला आज घेतात का विचारू." तेलकट हातांनीच ताईंना घेऊन वापीला गेला.

त्यानंतर एकही पाळी हुकली नाही. त्या सोमवारीही नाही. ताईंना घरी आणलं, गाडी शेडमध्ये लावली, ओटीवर टेकला. परत उठला नाही.

ताई, राग मानू नका, पण आता हे सांगतो. परवा ताईंनी मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, "दिनकरराव, आता पुरे करू का? कोण नेणार रोज उठून?" हरेश गेल्याचं दुःख मला आहेच. पण या प्रश्नाने मी जास्त थकलोय.

गाडी चालू आहे. सोमवार माझा. दुकान बंद राहील, राहू दे. पण गुरुवारी तलासरीचा बाजार असतो, मी एकटा पुरा पडणार नाही. त्याने जन्मात कुणाकडे काही मागितलं नाही. मी मागतो. लाज न बाळगता मागतो. मला गुरुवारी गाडी चालवणारी माणसं हवीत.

आता आपण हरेशसाठी थोडा वेळ शांत उभे राहू. ज्याला गुरुवार घेता येईल, त्याने बोलू नये. नुसता ताईंच्या बाजूला येऊन उभा राहावा.