पंधरा मीटरचा घेर

(सकाळची वेळ. ओहोटीनं खाडीचा तळ लांबवर उघडा पडलाय. फोटोग्राफर, त्याच्यापासून वीसेक पावलांवर लांब घेराच्या झग्यातली मॉडेल, आणि तो झगा शिवणारी तिची मावशी.)

फोटोग्राफर : अजून मागे. अजून दोन पावलं. पाण्याची ती चकाकती पट्टी तुझ्या खांद्यामागे यायला हवी.

मॉडेल : इथे खाली मऊ लागतंय.

फोटोग्राफर : ओली माती आहे, मऊ लागणारच. हनुवटी जरा खाली. हा उजेड फार तर दहा मिनिटं मिळेल. मग ऊन चढलं की चेहऱ्यावर नुसत्या सावल्या.

मावशी : चिमे, उजवीकडे घेर दुमडलाय बघ. पंधरा मीटर कापड चार महिने डोळे फोडून शिवलंय मी, नीट पसरू दे.

मॉडेल : मावशी, माझा पाय निघत नाहीये.

मावशी : पुरे नखरे. थंडी आम्हालाही वाजतेय.

मॉडेल : नखरे नाहीत गं. उजवा निघत नाही म्हणून डाव्यावर जोर दिला, तर आता डावापण... आई गं!

फोटोग्राफर : हलू नकोस, एकच क्लिक...

मावशी : अरे, क्लिक काय करतोस? गुडघ्यापर्यंत गेली ती! थांब चिमे, आले मी.

फोटोग्राफर : ताई, मागे या! पुढे जाऊ नका! माझाच पाय इथे घोट्यापर्यंत खचला. तुम्हीपण अडकलात तर दोघींना कोण काढणार?

मावशी : तू तर म्हणालास काल येऊन सगळीकडे चालून बघितलंस.

फोटोग्राफर : बघितलं होतं.

मावशी : माझ्याकडे बघून सांग.

फोटोग्राफर : नाही आलो काल. एकाने इथे काढलेला फोटो पाहिला होता. त्यात माणसं उभी होती. मला वाटलं, जमीन घट्ट असेल.

मावशी : वाटलं! माझ्या बहिणीची पोर आहे ती.

मॉडेल : भांडू नका ना. मावशी, ती पट्टी बघ. पाण्याची. मघाशी केवढी लांब होती.

मावशी : कुठे?

मॉडेल : माझ्या मागे. आवाज येतोय मला.

फोटोग्राफर : भरती लागली. ताई, इथे फोनला रेंज नाही. बांधावर गाडीपाशी आहे. आणि थर्माकोलच्या दोन मोठ्या शीट आहेत गाडीत. चेहऱ्यावर उजेड टाकायला आणल्या होत्या, पण गरज वाटली नाही म्हणून उतरवल्या नाहीत.

मावशी : थर्माकोल काय करायचंय आता?

फोटोग्राफर : आडवं पडून त्यावरून सरकत जाता येईल. वजन पसरलं की माणूस खचत नाही. निदान मला तरी तसं...

मावशी : वाटतं. कळलं. मग उभा का? पळ!

मॉडेल : तो गेला?

मावशी : शीट आणायला गेलाय. तू माझ्याकडे बघ. मागे बघू नकोस.

मॉडेल : मावशी, पाय सुन्न झालेत. खाली काही लागतच नाहीये गं, तळच नाहीये.

मावशी : तळ असतो. खाडी म्हणजे काय विहीर आहे? हात खाली टेकू नकोस फक्त.

मॉडेल : आईला माहीत नाही मी इथे आलेय.

मावशी : मी सांगितलंय तिला, स्टुडिओत आहोत म्हणून. पाण्याजवळ म्हटलं असतं तर सोडलं नसतं तिने.

मॉडेल : म्हणजे मला काही झालं तर तिला कळणारही नाही कुठे...

मावशी : तोंड बंद! काही होत नाही तुला. तुझी आई माझी सालटी काढेल, त्यासाठी तरी तुला घरी न्यायचंय मला.

मॉडेल : मावशी... गाडी सुरू झाली.

मावशी : कुठली गाडी?

मॉडेल : त्याची. आवाज आला. तो चाललाय.

मावशी : वाऱ्याचा आवाज आहे तो.

मॉडेल : नाही गं, गाडीच आहे. मावशी, तू पण जाणार का?

मावशी : मी? ही बघ, बसले मी इथे. चिखलात फतकल मारून बसले. आता मला उठवायलाच दोन माणसं लागतील.

मॉडेल : पाणी आलं. गार लागतंय गुडघ्याच्या वर.

मावशी : येऊ दे. श्वास घे. हळू. अजून एक. तो बघ, आला बांधावरून! डोक्यावर शीट घेऊन आला! अरे, किती वेळ लावलास?

फोटोग्राफर : अग्निशमनवाल्यांना फोन लागला. बोट निघालीय. पण पाऊण तास लागेल म्हणाले.

मावशी : पाऊण तासात पाणी कुठवर येईल?

फोटोग्राफर : ते विचारू नका. त्यांनी सांगितलंय, पाय वर ओढायचा नाही, ओढला की जास्त रुततो. मागे रेलून, पाठीवर पडल्यासारखं व्हायचं आणि पाय थोडा थोडा हलवायचा. बाजूने पाणी आत शिरलं की चिखल सैल होतो. मी जातो शीटवरून.

मावशी : तू नव्वद किलोचा. थर्माकोलचा भुगा होईल. सर बाजूला. माझे घोटे धर आणि ढकल.

फोटोग्राफर : ताई, तुम्हाला झेपेल?

मावशी : ढकल म्हटलं ना! अजून. अजून. दुसरी शीट पुढे सरकव. हां, पोचले. चिमे, दे हात.

मॉडेल : मावशी, रेलता येत नाहीये. घेर खाली रुतलाय, तोच ओढतोय मला.

मावशी : दिसतंय. थांब, कातर आहे खिशात.

मॉडेल : नको! परवा प्रदर्शन आहे तुझं. एकच तर झगा पूर्ण झालाय.

मावशी : हलू नकोस, लागेल.

मॉडेल : मावशी, अगं रेशीम...

मावशी : हलू नकोस म्हटलं ना. कमरेपाशी शिवण मीच घातलीय, कुठून उसवते ते मला माहितीये. हं. गेला घेर. आता रेल मागे. माझ्या हातावर डोकं टाक.

मॉडेल : कानात पाणी जातंय!

मावशी : जाऊ दे. मी धरलंय. उजवा पाय हलव. थोडासाच.

मॉडेल : सुटतोय... सुटला! मावशी, उजवा सुटला!

मावशी : ओरडू नकोस, दम राख. आता डावा.

मॉडेल : हा नाही येत. हा नाही येत गं. पाणी तोंडाशी येतंय.

फोटोग्राफर : ताई, तिला शीटवर घ्या! बोटं खाली करून पाय काढायला सांगा, बॅले नाचणाऱ्यासारखी!

मावशी : ऐकलंस? बोटं खाली. हलव. मला मिठी मार. अजून घट्ट. हां... आली! ओढ रे! दोघींना ओढ! ओढ!

फोटोग्राफर : धरलंय. धरलंय मी. इथे कडक आहे. उभ्या राहा. चला, थांबू नका, पाणी मागेच आहे.

मॉडेल : मला चालता येत नाही.

फोटोग्राफर : पाठीवर बस माझ्या.

मावशी : तुझा कॅमेरा? तिपाईसकट राहिला तिकडे.

फोटोग्राफर : राहू दे.

मावशी : अरे, पाण्यात जाईल.

फोटोग्राफर : राहू दे म्हटलं ना, ताई. बांध चढा आधी.

मावशी : चढले. बस चिमे, इथे दगडावर बस. माझी शाल घे. बोटीवाल्यांना फोन करून सांग रे, सुटली म्हणावं. सुखरूप आहे.

फोटोग्राफर : सांगितलं. तरीही येऊन बघतो म्हणाले.

मॉडेल : पाणी बघ मावशी. मी उभी होते तिथे काहीच दिसत नाहीये आता.

मावशी : नको बघूस.

मॉडेल : मघाशी गाडीचा आवाज आला होता मला.

फोटोग्राफर : हो.

मॉडेल : मावशी म्हणाली, वारा आहे.

फोटोग्राफर : वारा नव्हता. फोन झाल्यावर मी गाडीत जाऊन बसलो. किल्ली फिरवली. हात आपोआप गिअरवर गेला होता. मग आरशात मागच्या सीटवरच्या शीट दिसल्या आणि बंद केली. किती वेळ बसलो होतो, खरंच सांगता येणार नाही.

मॉडेल : मावशी, तुला माहीत होतं?

मावशी : कान आहेत मला.

फोटोग्राफर : ताई, मी...

मावशी : आलास ना? मग जा, सुरू कर गाडी. हीटर लाव. पोरीचे ओठ निळे पडलेत.