दसऱ्याला येणारी तिरचिमणी

माझा जलम मुरगूडच्या वरच्या अंगाला, कुरणाच्या कडंला. बाप कुरणाचा राखणदार, बाप गेल्यावर राखण माझ्या नवऱ्याकडं आली आणि गवत कापायचं काम माझ्याकडं. नाव हमिदा, पर समदं गाव हमिदाभाभी म्हणतंय. काय सांगू तुमास्नी, शाळंचं तोंड न्हाय बघिटलं, पर गवतात वाकून वाकून एक झालं, भुईवरची पाखरं माझ्या नजरंच्या उंचीला आली.

तर कुरणात एक पाखरू हुतं, मातकट, छातीवर रेघा, चिमणीगत उड्या न्हाय मारायचं, पाय टाकत पळायचं. बारा म्हैनं दिसायचं, उन्हाळ्यात गवताच्या बुडक्यात घरटं करायचं. पर दसरा झाला की त्येच्यात दुसरी यायची, तसलीच, जरा थोराड, ताठ उभी ऱ्हाणारी, आणि गुढीपाडव्यानंतर दिसायची न्हाईत. त्येंचं घरटं एकदाबी घावलं न्हाय. नवऱ्याला इचारलं, ही येत्यात कुठनं, तर म्हणायचा, चिमण्या हाईत त्या, तू भारा बांध.

मग बहात्तर सालच्या दुष्काळाआधी कोल्हापूरच्या कालेजातलं एक सर आलं, गळ्यात दुर्बीण, खांद्याला बंदूक. मी म्हणलं, पावणं, हितं ससं न्हाईत. ते म्हणालं, ससा नको, तिरचिमणी पायजे. ह्याच पाखराचं त्ये नाव. मी म्हणलं, हितली का दसऱ्याची? सर माझ्याकडं बघतच ऱ्हायलं. म्हणालं, लांबनं दोन्ही सारखीच दिसत्यात, ठरवायचं तर मारून हातात घ्यायला पायजे, बाहेरनं येणारीच्या मागच्या बोटाचं नख लांब असतंय, त्ये मोजाय लागतंय.

मनात आलं, एवढ्या लांबनं येऊन नखापायी मरायचं? मी म्हणलं, आठ दिस थांबा सर, नख मी दाखवते.

झऱ्याकाठचा चिखल रोज सकाळी तळहातानं सारवल्यागत गुळगुळीत करायची आणि गवतात दम धरून बसायची. पाखरू पाणी पिऊन गेलं की ठसा बघायचा. हितल्याच्या मागच्या नखाएवढी एक काडी मोडली, दसऱ्याच्या नखाएवढी दुसरी. परत परत मोजलं, दरखेपंला दुसरीच लांब. आणि बसल्या बसल्या आणखी एक ध्यानात आलं, दसऱ्याचं पाखरू गवतात उतरायच्या आधी हवेत पंख मारत जरा थांबतंय, मग खाली येतंय.

सर आलं. काड्या पट्टीला लावल्या, मग चांगल्या कापडांनिशी चिखलापाशी पालथं पडलं. उठल्यावर बंदुकीतली काडतुसं काढून खिशात टाकली आणि म्हणालं, भाभी, ही हिमालयाच्या पल्याडची, तिकडं थंडी पडली की हिकडं येत्यात. नवरा शेजारी उभा. त्यो कधी पाखराबद्दल बोलला न्हवता, त्येनं इचारलं, एवढंसं जनावर हिमालय कसा वलांडतंय? मग दोघं पार उन्हं वर येस्तोवर बोलत बसलं की.

मी इचारलं, सर, दरसाली तीच येत्यात का त्येंची पिल्लं? सर म्हणालं, म्हाईत न्हाय. शिकल्याला माणूस असं सरळ म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकला.

आता सरांची बदली झाली, नवरा गेला, निम्मं कुरण उसाखाली गेलं. पाखरं कमी येत्यात, पर येत्यात. तीच असोत न्हायतर त्येंची पोरं असोत, अल्ला त्येंना उतराय गवत ठेवो.