एरंडेल पाजलेली जीप

अध्यक्ष सरपंच रंगनाथराव, दवाखान्याचे डॉक्टरसाहेब, हारांत गळ्यापर्यंत बुडालेला आपला डायव्हर कमरुद्दीन, आणि चहाच्या वासानं टिकून राहिलेल्या बायाबापड्यांनो,

मी मनकर्णा. मला अक्षर येत नाही; बोल माझे, गुरुजी फक्त वाचून दाखवतायत. ठसका लागला तर तो त्यांचा.

निरोपाला गुण गावेत अशी रीत आहे. एक गाते. गेल्या साली दवाखान्याच्या जीपचे ब्रेक असे किंचाळायचे, की तिसगावच्या बाजारात बैल दावं तोडायचे. कमरुद्दीन नमाजाला गेला, तेवढ्यात आमच्या भिमाजी सुतारानं उपकार केले. बैलगाडीचं चाक कुरकुरलं की आपण काय करतो? वंगण घालतो. त्यानं चारी चाकांना फटीफटीतून एरंडेल पाजलं. जीप गप झाली खरी.

त्याच दुपारी माझी सून चांगुणा अडली. बाळाचा हात आधी आलेला. नर्सबाई म्हणाल्या, नगरला न्या. जीप दारात आली ती थांबलीच नाही; कडब्याच्या गंजीत घुसली.

कमरुद्दीननं चाकाला बोट लावून हुंगलं. "आजी, ब्रेक लागत न्हाई. असं घाटात गेलो तर समदीच जातील."

"मग हितंच मरू दिऊ तिला?"

"चाकं काढतो. तुमी कापड द्या."

ठेवणीतलं लुगडं फाडून दिलं. तो ब्रेकचे पट्टे पेट्रोलनं धुवायचा, काचकागदानं घासायचा, पुन्हा धुवायचा. आत चांगुणा ओरडायची, बाहेर मी.

"झालं का रं?"

"न्हाई, आजी."

भिमाजी चाक धरून रडत होता, आणि मला शिव्या द्यायलाही सवड नव्हती. ती उणीव मी नंतर भरून काढली.

ब्रेक पुन्हा किंचाळले, तेव्हाच कमरुद्दीननं चांगुणाला जीपमध्ये घेतलं. सून वाचली. बाळ गेलं.

आता तिला पुन्हा नववा लागलाय. डॉक्टरसाहेब, या खेपेला नगरलाच पोट उघडावं लागेल, हे तुम्हीच सांगितलंत. आणि कमरुद्दीन उद्या बदलीवर चालला. नवा डायव्हर? 'येईल' म्हणतात. कोणत्या साली? तोवर कपाटात पडलेल्या जीपच्या चावीनं बाळंतपण होतं का?

म्हणून सरपंच, हार राहू द्या, नारळही त्यालाच. पण चांगुणा मोकळी होईपर्यंत त्याला सोडू नका. वरच्या साहेबांचे पाय धरायचे तर मी येते. गुडघे दुखतात, पण वाकतात अजून. कमरुद्दीन, बदलीच्या गावी तुझी आई वाट बघत असेल, तिची समजूत मी घालीन.

सगळ्यांनी ऐकून घेतलंत, उपकार झाले. म्हातारीचं कमीजास्त पोटात घाला. आणि गुरुजी, खाली बसू नका. सरपंच हो म्हणेपर्यंत हेच पुन्हा वाचा.