सात नंबरचं चित्र

— अहो, त्या खुर्चीवर नको काका, तिचा एक पाय लंगडा आहे, बसणाऱ्याला बरोब्बर तोंडावर पाडते. ही घ्या. हां, आता कसं. दीड महिना झाला तक्रार करून, दीड महिना! आणि आज उगवताय तुम्ही. तुमच्यावर राग नाही हो माझा, कंपनी पाठवेल तेव्हा तुम्ही येणार, तुमच्या हातात काय आहे — पण एवढ्या वयाच्या माणसाला खांबावर चढायला पाठवतात म्हणजे धन्य आहे. फाटकावर अडवलं नाही ना? आज नवा वॉचमन आहे म्हणून. जुना असता तर तुमच्या सात पिढ्यांची चौकशी केली असती त्यानं. बरं, इकडं बघा. बारा कॅमेऱ्यांचे बारा पडदे, वरच्या ओळीत एक ते सहा, खाली सात ते बारा. हा पहिला खालचा, हा तुमचा सात नंबर. आत्ता चालू दिसतोय ना? दिसणारच! डॉक्टर दारात आला की ताप उतरतो, तशातली गत. पण दिवसातून एकदा तरी झोपतोच मेला. चित्र तिथंच गोठतं आणि पाच-सात मिनिटांनी काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा चालू होतं.

सहाला दहा कमी, आणि दाटी बघा कशी झालीय. पाच बाजूंचे पाच हायवे इथं येऊन एकमेकांत मिसळतात — ज्यानं कागदावर काढलं त्याला फूल दिसलं असेल, मला रोज गाठ दिसते. आणि शहराला अडवायला ना कुठं समुद्र, ना डोंगर, सुटलंय चारी बाजूंनी, घर या टोकाला नि नोकरी त्या टोकाला. तीन पदरी रस्ता होता, चार पदरी केला, मग पाच. दर वेळी फीत कापली, हार घातले, आणि वर्षाच्या आत पुन्हा तीच रांग, तेच हॉर्न. गाड्या काय, जागा दिसली की येतातच. मग मोठ्या साहेबांनी शक्कल काढली — कडेची पट्टी. म्हणजे काय, तर अगदी डावीकडं ही जी अरुंद पट्टी दिसतेय ना, ती बंद पडलेल्या गाडीसाठी आणि अॅम्ब्युलन्ससाठी. साहेब म्हणाले, दिवसभर मोकळीच असते, संध्याकाळी दोन तास सगळ्यांना वापरू द्या. पट्टीवर कमानीला बाण आहेत, एरवी तिथं लाल फुली असते, मी हे बटण दाबलं की हिरवा बाण. एवढंच माझं काम. पण दाबायच्या आधी बाराच्या बारा चित्रं बघायची, पट्टीवर कुणी उभं नाही ना — आणि मगच. कारण एकदा हिरवा दिला की धरणाचं दार उघडल्यासारखं असतं, मागून लाल केलात तरी सुटलं ते सुटलं. बायको म्हणते, तुम्ही काय, बसून टीव्ही तर बघता! म्हटलं, हो बाई, बारा टीव्ही बघतो, आणि एकातही गाणी लागत नाहीत.

आता मला सांगा, तुम्ही यातले जाणकार — चित्र गोठलंय हे ओळखायचं कसं? मोकळ्या रस्त्यावर सोपं आहे, धावती गाडी मधेच थांबली की कळलं. पण कोंडीत? कोंडीत खरं चित्रही हलत नाही हो. पाच-पाच मिनिटं गाड्या जागच्या जागी, माणसं आत पुतळ्यासारखी. जिवंत चित्र आणि मेलेलं चित्र, दोन्ही शेजारी ठेवा, देवालाही ओळखू यायचं नाही. मी मात्र आता ओळखतो. हे कोपऱ्यातलं बारीक घड्याळ दिसतंय? चित्र मेलं की तेही थांबतं. आता माझा नियमच आहे, आधी घड्याळ, मग रस्ता. — आता म्हणजे? आता म्हणजे… त्यानंतर.

कंपनीनं सांगितलं नाही तुम्हाला? कमाल आहे. आपल्याच माणसांत बोलायचं म्हणून सांगतो. एक छोटी गाडी, चाक बसलं म्हणून पट्टीवर घेतली बिचाऱ्यानं, नियमाप्रमाणंच घेतली. उकिडवा बसून चाक बदलत होता. आणि वळणावरून ट्रक आला, त्याच पट्टीवरून. जागच्या जागी गेला माणूस. ट्रकवाला म्हणतो, बाण हिरवा होता. पोलिसांना म्हणतो, वकिलाला म्हणतो, भेटेल त्याला म्हणतो. कोण ऐकतंय! ट्रकवाला आणि खरं बोलणार? उद्या अकरा वाजता आहे सुनावणी. तिशीचा पोरगा आहे, अपघाताच्याच दिवशी बघितला होता मी त्याला, खाली रस्त्यावर बसला होता, एका पायात चप्पल नव्हती आणि त्याला ते ठाऊकही नव्हतं. त्याचा बाप म्हणे रोज फाटकाशी येऊन उभा राहतो. वॉचमन हाकलतो, तरी दुसऱ्या दिवशी हजर.

काय म्हणालात? — हो. होता. हिरवाच होता. मीच दिला होता, सहा वाजून पाच मिनिटांनी. सातमध्ये पट्टी मोकळी दिसली ना मला! स्वच्छ मोकळी. ते चित्र सहा वाजताचं होतं, पाच मिनिटं शिळं, हे मला काय ठाऊक? कोंडी होती, कोंडी कशी हलेल? तुमचा कॅमेरा झोपला, त्यात माझा दोष काय? — म्हणजे तुमच्या कंपनीचा. तुमचा नाही म्हणत मी. मशीन चित्रं साठवत नाही, बाणाची नोंदही ठेवत नाही, ती आम्हीच वहीत करतो, हातानं. आणि खरं सांगू? ती नोंदही आम्ही दुपारी दोनला, आल्या आल्याच करतो — सहा वाजता बारा कॅमेरे तपासले, सर्व चालू, सहा-पाचला पट्टी उघडली — एकदम आठपर्यंतची. ऐन गर्दीत लिहायला हात कुणाला मोकळा असतो? माझ्या आधीचा असंच करायचा, त्याच्या आधीचाही. म्हणजे बघा ना, मी बघायच्या आधीच लिहून बसलो होतो की मी बघितलं. मग डोळेही तसेच होतात, काका. लिहिलेलंच बघतात.

त्या संध्याकाळी साहेब धावत आले. वहीचं पान बघितलं, माझ्याकडं बघितलं, म्हणाले, आज आपण पट्टी उघडलीच नव्हती. विचारलं नाही हो, सांगितलं. मी नवीन पान लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं, हेच मला खुपतंय, रात्री झोपताना ते अक्षर दिसतं. ट्रकमागं चार-दोन गाड्या होत्या पट्टीवर, पण साक्षीला कोण थांबतो, जो तो घाईत. आणि जुनं पान मी फाडलं. म्हणजे वहीतून काढलं. तुकडे केले नाहीत. का नाही केले, मलाच माहीत नाही. डबा ठेवतो त्या कप्प्यात, कागदाखाली —

तुम्हाला काय करायचंय हो पानाशी? आल्यापासून कॅमेऱ्याबद्दल एक अक्षर नाही, आणि पान कुठंय, पान कुठंय! — थांबा. तुमची हत्यारांची पिशवी कुठंय? पाना नाही, पक्कड नाही, शिडी तर नाहीच. मांडीवर काय आहे ते? दाखवा. अहो दाखवा म्हणतोय ना.

हा तर त्या ट्रकवाल्या पोराचा फोटो आहे.

नाही, नाही, बसा कशाला आता, उठा. आधी बोलायचं नाही होय? कोण तुम्ही ते सांगायचं नाही? मी आपला घरच्या माणसासारखं… ऐका, मी काहीही बोललेलो नाही. उगाच गप्पा मारल्या, वेळ जात नव्हता. माझ्या घरी आई अंथरुणाला आहे, दोन पोरी आहेत, मी काय करू, सांगा ना! तुमचा मुलगा तरणा आहे, दोन-तीन वर्षांनी सुटेल, पुन्हा उभा राहील. असं बघू नका माझ्याकडं. हात सोडा — वाकताय काय पाया पडायला, तुम्ही माझ्या बापाच्या वयाचे! सोडा पाय — फोन वाजतोय. गप्प. अगदी गप्प.

— हॅलो. हो साहेब. हो, सहा वाजून गेले, माहितीय. नाही, कुणी नाही, एकटाच आहे. हो, बाराही बघितले… सगळीकडं मोकळी आहे पट्टी. उघडतो. — उघडली साहेब. हो, हिरवा.

झालं. ऐकलंत ना, अशी असते माझी नोकरी. आता निघा. उद्या तिथं माझं नाव घेतलंत तर मी म्हणेन, या म्हाताऱ्याला मी जन्मात बघितलं नाही. पान मिळायचं नाही. दार तिकडं आहे, ओढून घ्या जाताना. — जा ना! बोट काय दाखवताय? सात नंबर, हो, सातच आहे तो, मोकळी आहे पट्टी, दिसत नाही का तुम्हाला? — काय? कसलं घड्याळ —

सहा वाजून एक.

आठ नंबरच्या कोपऱ्यात सहा वाजून सात.

काका. काका, जाऊ नका.