केतकीच्या खुराचं दुखणं

फतेगंजला जनावरांच्या दवाखान्यात आमच्या मांजरीचा नंबर काही येईना. शेजारी घोडीवाले प्रतापसिंह तरुण डॉक्टरणीशी तावातावाने बोलत होते. कान काही मी घरी ठेवून गेले नव्हते.

“डॉक्टरबेन, काल माझ्या केतकीच्या दुखऱ्या पायात तीन दिवस बधिर ठेवणारं नवं औषध टोचलंत, की नुसतं मिठाचं पाणी?”

“मलाही माहीत नाही, काका. चाचणीत ते लपवूनच ठेवतात. दुखतंय असं दिसलं, की लगेच नेहमीचं औषध देणार.”

“मग द्या ना! सकाळपासून पाय उचलून उभी आहे.”

“मी मागे तबेल्यात तीनदा पाहून आले. चारही पाय टेकलेले, कान ताठ. कागदावर दुखणं शून्य लिहिलंय.”

“तुम्ही आलात की टेकवते.”

“घोडी नाटक करते म्हणता?”

“नाटक कसलं? परक्यासमोर दाखवत नाही. माझी आई अशीच. डॉक्टर आला, की उठून चहा टाकायची.”

“बरं. माझा फोन व्हिडिओ कॉल लावून तिच्यासमोर ठेवते. तुमच्या फोनवर इथे बसून बघू.”

“मी जवळ असलो तर चालेल. माझ्यापासून ती काही लपवत नाही.”

“तुम्हीही इथेच बसा.”

जरा वेळाने—

“उचलला! बघा, उचलला!”

“थांबा. मान खाली घातली. थरथरतेय, काका.”

प्रतापसिंहांनी फोन डोळ्यांजवळ नेला.

“अशी रोज थरथरते?”

“माझ्यासमोर तर कधीच नाही, बेन.”

“बसा तुम्ही. मी औषध भरते.”