कोळंबीचं कोडिंग

अगो, नातीच्या बालवाडीत कोडिंग शिकवतात, ठाऊक आहे? बाईंनी बोलावलं म्हणून मिरकरवाड्याच्या बंदरात मासळीची पाटी झाकून मी गेले.

बाई म्हणाल्या, "तुमची स्वरा कच्ची आहे. यंत्राला एकेक पायरी सांगायची, यंत्र तेवढंच करतं. मी यंत्र होऊन दात कसे घासू विचारलं, तर ही गप्प. पुढच्या वर्गात कशी घालू?"

"दात कसले? कोळंबी कशी सोलायची ते विचारा," मी म्हटलं.

स्वरा सुरूच झाली, "डोकं मोडा. साल काढा. पाठीतला काळा दोरा ओढा."

बाई हवेतच सगळं करत गेल्या. दोरा ओढल्यावर किळस येऊन त्यांनी बोटं ओढणीला पुसली.

स्वरा ओरडली, "बाई! पुसा म्हणून मी सांगितलं काय?"

मी विचारलं, "आता बोला, कच्चं कोण?"